झोपूनही बरी होत नाही

तक्रार क्रमांक ४११७ मी नोंदवली. तपशील असा : ‘नायिका सराईच्या खोलीत रात्रभर झोपते, तरीही सकाळी बरी होत नाही. अपेक्षित वर्तन : बरी व्हावी.’

हॅलिफॅक्सच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर गेममधल्या चुका हुडकून त्यांची नोंद करण्याचं काम मी अकरा वर्षं करतो आहे, आणि या धंद्यात एक नियम पक्का आहे. पोटात बाण घुसलेला असो, अंग अर्धं भाजलेलं असो, नायकानं सराईत एक झोप काढली की तो ठणठणीत. असे नायक मी शेकड्यांनी झोपवून उठवले आहेत. एकानंही कधी कुरकुर केली नाही. आमच्या नव्या गेमची नायिका व्हेरिला मात्र सकाळी उठून खिडकीत बसून राहायची, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली तिच्या तब्येतीची पट्टी अर्ध्यावरच असायची.

तासाभरात तक्रार परत आली. शेरा : ‘असंच अभिप्रेत आहे.’ खाली सही ऱ्होडा बीटन, लेखिका. मी उठून तिच्या टेबलापाशी गेलो.

“ऱ्होडा, तुझी बाई झोपली तरी बरी होत नाही.”

“परवा तिचं गाव जळलंय, मर्डॉक.”

“गाव सगळ्यांचंच जळतं. आपल्या मागच्या चारही गेममध्ये जळलंय. तिसऱ्यात तर दोनदा.”

“आणि मग ते नायक काय करायचे?”

“तलवार उचलायचे आणि निघायचे.”

“ही नाही निघत लगेच.” तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे बघ, या अख्ख्या गेममध्ये मी एवढी एकच गोष्ट खरी लिहिली आहे. ती काढायची असेल तर माझं नावही काढा.”

मी जागेवर येऊन तक्रार पुन्हा उघडली. माझा ऱ्होडावर राग नव्हता. उघडलेली तक्रार बंद झाल्याशिवाय मला जेवण जात नाही, एवढंच. आमच्याकडे तक्रारींच्या तीन इयत्ता आहेत. पहिली, गेम बंद पडतो. दुसरी, गेम चालतो पण काहीतरी बिघडलेलं आहे. तिसरी, शुद्धलेखन. दुःखाला इयत्ता नव्हती, म्हणून मी दुसरीत घातलं. दुसरीतल्या तक्रारी निर्मितीप्रमुख पेरी बूटिलियरकडे जातात. पेरीनं लगेच बैठक बोलावली आणि विषय ठेवला : ‘नायिका चालते का?’

“चालते की,” ॲनिमेशनवाला लाइल म्हणाला. “गेल्या महिन्यात डावा घोटा मीच नीट केलाय. आता पळतेसुद्धा.”

“तसं नाही रे बाबा. नायिका म्हणून चालते का?”

“ते मला नका विचारू. मी गुडघ्याच्या खालचं बघतो.”

पेरी लोकशाहीवादी माणूस आहे. तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि मग स्वतःला हवं ते करतो. “गाव जळायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही,” तो म्हणाला. “दुःखाशिवाय नायिका म्हणजे नुसती पगारी नोकर. पण दुःख कसं हवं? केसांत एक पांढरी बट, भुवईवर वण, वादळात कड्यावर उभं राहणं! इथे काय चाललंय? चूल पेटली की ही भिंतीला पाठ लावून बसते. चाळीस मिनिटं झाली, खेळणाऱ्याला साधं सूप करता येत नाही.”

“तिची आई चुलीपाशी होती,” ऱ्होडा म्हणाली.

“मान्य. पण सूपनं ताकद वाढते. ती ताकद आता कुठून आणायची?”

एकमत होईना, म्हणून बाहेरचे बारा खेळाडू बोलावून, त्यांना मांसाचे डोनेर रोल खाऊ घालून गेम खेळायला बसवलं. नंतर फॉर्म दिला : ‘नायिकेचं दुःख – कमी / पुरेसं / जास्त.’ सात जणांनी लिहिलं, ‘दुःख छान जमलंय, थोडं आवरतं घ्या.’ एकानं लिहिलं, ‘मी रडलो. घोडा कधी मिळतो?’ उरलेल्या चौघांची सूचना अशी होती की, तिच्याऐवजी सराईच्या मालकाला नायक करावं, तो निदान वेळेवर उठतो.

यावरून दुःखाला मुदत हवी, हे सिद्ध झालं. ती किती असावी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मनुष्यबळ विभागाच्या झ्विकरबाईंना पाचारण करण्यात आलं, कारण अख्ख्या इमारतीत या विषयावरचं लेखी ज्ञान फक्त त्यांच्याकडे होतं. त्यांनी जवळचं माणूस गेल्यावर मिळणाऱ्या रजेची नियमावली उघडली.

“आई, वडील, जोडीदार, अपत्य, भावंडं : तीन दिवस. आजी-आजोबा : एक. गावाची तरतूद नाही.”

“घरचे किती गेले तिचे?” पेरीनं विचारलं.

“आई, वडील, दोन भाऊ.”

“चार त्रिक बारा! बारा दिवस. द्या की, काय बिघडतं?”

“तीनच,” झ्विकरबाई म्हणाल्या. “चौघं एकाच वेळी गेले ना? आपण प्रसंग मोजतो, माणसं नाही. वेगवेगळ्या दिवशी गेले असते तर विचार करता आला असता.”

“थोडे थोडे जाळू या का?” लाइलनं मदतीच्या भावनेनं विचारलं.

ऱ्होडानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “आणि चौथ्या दिवशी काय होतं?”

“चौथ्या दिवशी कर्मचारी कामावर रुजू होतो. तुम्ही नाही का झालात?”

फेब्रुवारीत ऱ्होडाच्या भावाची मासेमारीची बोट कॅन्सोजवळ गेली ती परत आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी नऊला ऱ्होडा आपल्या टेबलापाशी हजर होती. आम्ही सगळ्यांनी सही करून तिला कार्ड दिलं होतं. खालच्या दुकानातली सांत्वनाची कार्डं संपली होती, म्हणून लाइलनं ‘लवकर बरे व्हा’वालं आणलं. त्याच दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी मी तिला म्हणालो होतो, “आता सावर हं स्वतःला.” ती “हो” म्हणाली, आणि माझ्या दृष्टीनं तो विषय संपला. बैठकीत हे आठवलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

“झाले ना रुजू,” ऱ्होडा म्हणाली. “बघताय ना, कशी ठणठणीत आहे मी.” तिनं वही उचलली आणि निघून गेली.

तीन दिवसांची मुदत गेममध्ये बसवण्यात आली. मी तपासणी केली. चौथ्या दिवशी सकाळी व्हेरिलाला तिच्या जळालेल्या गावात नेऊन उभं केलं. आईच्या चुलीजवळच्या राखेत पाय रोवून ती हसली आणि म्हणाली, “काय सुंदर सकाळ आहे! सूप करू या?” मी तक्रार ४१६३ नोंदवली. पेरीचा शेरा आला : ‘असंच अभिप्रेत आहे.’ त्याच दुपारी ऱ्होडानं गेमवरचं आपलं नाव काढायला लावलं आणि राजीनामा दिला.

“येईल तीन दिवसांत,” पेरी म्हणाला. ती आली नाही.

तेव्हा पेरीलाही थोडं वाईट वाटलं असावं. तीन हा आकडा कंपनीचा झाला, तो लोकांना विचारून ठरवायला हवा, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून एका प्रश्नाचा फॉर्म सगळीकडे पाठवला : ‘तुमच्या ओळखीत कुणाचं जवळचं माणूस गेलं, तेव्हा “आता सावर स्वतःला” असं तुम्ही त्यांना कितव्या दिवशी म्हणालात?’ मी ‘चार’ लिहिलं. ऱ्होडा चौथ्या दिवशी भेटली म्हणून चार. आधी भेटली असती तर आधी म्हणालो असतो. यादीतून नाव काढायचं राहून गेल्यामुळे फॉर्म ऱ्होडालाही गेला. तिचा रिकामा परत आला, आणि यंत्रानं तो शून्य धरला.

सरासरी आली दोन पूर्णांक एक दशांश. म्हणजे आमच्या झ्विकरबाई लोकांपेक्षा उदार निघाल्या. लोकमताचा आदर करून नायिकेचा तिसरा दिवस कापण्यात आला आहे.

तुमचा फॉर्म अजून आलेला नाही. रकान्यात फक्त आकडा लिहायचा आहे. ‘मी असं कधी म्हणालोच नाही’ हा पर्याय आम्ही सुरुवातीला ठेवला होता, पण सगळेच तो निवडायला लागले, म्हणून काढून टाकला.