पावणं, आकडा सांगा

"मग गिऱ्हाईक कोण?" भूपालअण्णांनी विचारलं.

वृषभने कीबोर्डवरचे हात उचलले नाहीत. "गिऱ्हाईक नसतंय ह्यात, अण्णा. ज्याला पायजे त्यानं न्यावं. फुकट."

"त्ये कळलं की. पर नेतंय कोण?"

"म्हायती न्हाय."

"म्हंजे माल बाहेर जातोय, पर कुणाच्या दारात जातोय त्ये तुला म्हायती न्हाय?"

"व्हय."

मुलाचं हे बोलणं अण्णांना पटेना. जयसिंगपूरच्या बाजारपेठेत अख्खा जन्म हार्डवेअरच्या दुकानात काढलेला हा माणूस. बिजागरी कुणी नेली, कुठल्या दाराला लावली आणि ते दार अजून कुरकुरतं का, इथवर त्यांना ठाऊक असायचं. थोरल्या पारसकडे दुकान सोपवून ते आणि पत्नी त्रिशलाबाई धाकट्याकडे, कोल्हापूरला राजारामपुरीत राहायला आले. दुकान सुटलं, चौकशा काही सुटल्या नाहीत. आता समोर गिऱ्हाईक म्हणून एकटा वृषभच होता.

वृषभ ओपन सोर्सवाला होता. म्हणजे लिहिलेला सगळा प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवायचा; कुणीही न्यावा, वापरावा आणि वर नावंही ठेवावीत. त्याच्या प्रोग्रामचं नाव होतं 'नीट'. कॉम्प्युटरवर माहिती भरताना माणूस ज्या चुका करतो त्या 'नीट' पकडायचा. आकड्याच्या रकान्यात आकडाच आहे ना, तारखेच्या रकान्यात तारीखच आहे ना, एवढंच त्याचं काम. हे सगळं त्याने टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. साधं जावास्क्रिप्ट म्हणजे चिठ्ठ्या नसलेले स्वयंपाकघरातले डबे; साखर समजून मीठ घातलं तरी ते बोलत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये आधी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची, आणि मग चुकीच्या डब्यात हात घातला की ते ओरडतं. वृषभला हे ओरडणं मनापासून आवडायचं. लहानपणापासून सवय होती.

"शुक्रवारी कागलला जायचं," अण्णा म्हणाले. "पंचतारांकित एमआयडीसीत अमरसिंहांची फाउंड्री हाय. आपलं जुनं गिऱ्हाईक. कॉम्प्युटरला माणूस पायजे म्हनत्यात."

"अण्णा, नोकरी धरली की 'नीट' मरतंय. रोज कोन ना कोन अडचण घेऊन येतंय. त्याला कोन बघणार?"

"कोन येतंय त्येच तर इचारतोय मी! एक माणूस दाखव मला. तुजं ह्ये वापरतोय असा. फोटू न्हवं, जित्ता. ह्या डोळ्यांनी बगितला की तुज्याम्होरं कागलचं नाव काढणार न्हाय."

यात टोमणा नव्हता. अण्णांना खरंच बघायचं होतं. पण वृषभ दाखवणार कुणाला? चार वर्षं त्याने ज्यांच्यासाठी जीव टाकला होता, त्यांच्यातला एकही जिवंत माणूस त्याने स्वतःही कधी पाहिला नव्हता.

घोटाळा झाला तो सोमवारी. 'नीट' चूक पकडल्यावर जे वाक्य दाखवायचा ते इंग्रजी असायचं, कोरडं आणि सरकारी. दिवसभर तीच वाक्यं तपासून कंटाळा येतो म्हणून वृषभने चाचणीपुरती एक वेगळी फाइल करून ठेवली होती. तिच्यात दुकानाच्या काउंटरवरून अण्णा जे बोलायचे ते जसंच्या तसं उतरवलं होतं. आकड्याऐवजी काही भलतंच भरलं की, "पावणं, आकडा इचारला, गोष्ट काय सांगताय?" रकाना मोकळा सोडला की, "तोंड उघडा की पावणं, आमाला काय सपान पडतंय?" आणि माप चुकलं की, "डझन म्हनताय का नग, त्ये आदी घरात ठरवून या."

नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी ही फाइल बंद करायची, हा नेम. सोमवारी तो बंद करणारच होता, इतक्यात अण्णा मागून म्हणाले, "दाबलंस का?"

"न्हाय अजून."

"मग दाब की. कवाधरनं बघाय लागलोय."

वृषभने फाइल बंद न करताच दाबलं. टाइपस्क्रिप्टने हूं की चूं केलं नाही. त्याला मजकूर हवा होता, मजकूर मिळाला. तो मजकूर लंडनचा आहे की जयसिंगपूरचा, हे विचारायची सोय त्यात नसते.

मंगळवारी सकाळी वृषभने स्क्रीन उघडली आणि त्याचा चहा जागीच राहिला. फिनलंडमधल्या एका बाईंनी विचारलं होतं, की आमच्या ग्रंथालयाच्या पडद्यावर ही सुंदर नक्षी कुठून आली? ब्राझीलच्या एका मास्तरांनी ती नक्षी भाषांतर करणाऱ्या यंत्रात घातली होती. त्यांना उत्तर मिळालं, 'आदरणीय पाहुणे, आपणास संख्या विचारली असता आपण कथा का सांगत आहात?' खाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'प्रश्न रास्त आहे. पण विचारतंय कोण?' मग त्यावर चर्चा रंगली. एका जपानी गृहस्थांचा अंदाज होता, की 'पावणं' हे चुकांचं दैवत असावं.

"काय झालं? तोंड का उतरलंय?" अण्णांनी विचारलं.

"चूक झाली. लोक इचाराय लागल्यात."

"म्हंजे हायत लोक!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "दाखव की मग!"

"फिनलंडात हायत अण्णा."

"आरं, जवळचं सांग कुणीतरी. कुरुंदवाड, इचलकरंजी, काय तरी."

वृषभने घाईघाईने फाइल बंद केली, दुरुस्त आवृत्ती सोडली, जगाची माफी मागितली. दुपारपर्यंत सगळं शांत झालं. ते वाक्य कुणाचं, हे मात्र त्याने जगालाही सांगितलं नाही आणि अण्णांनाही नाही. आपण बापाच्या बोलण्याच्या नकला करतो, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी बाप-लेक स्कूटरवरून कागलला पोचले. मुलगा मध्येच स्कूटर वळवेल अशी शंका असल्यामुळे अण्णा जातीने मागे बसले होते. फाटकावर वॉचमनने कॉम्प्युटर पुढे ओढला.

"नाव?"

"भूपाल मगदूम. आणि ह्यो वृषभ."

वॉचमनने एकेक अक्षर शोधून नाव भरलं आणि ठोकलं. पडद्यावर लाल पट्टी आली. त्याने ती मोठ्याने वाचली, "पावणं, आकडा इचारला, गोष्ट काय सांगताय?" मग खुलासा केला, "नाव फोन नंबरात घातलं व्हय मी. थांबा."

वृषभच्या लक्षात आलं, इथे अजून सोमवारचीच आवृत्ती चालू होती; मंगळवारची दुरुस्ती कुणी उतरवून घेतलीच नव्हती.

"ह्ये कोन बोललं?" अण्णांनी मान पुढे घातली.

"ह्योच बोलतोय सोमवारधरनं," वॉचमन कौतुकाने म्हणाला. "आमच्या गेटवर पावणंच येत्यात न्हवं का, म्हणून सायबांनी बशिवलंय वाटतं. लई गोड हाय."

"बरोबर बोलतोय की. जाणता माणूस दिसतोय कोन तरी," अण्णा म्हणाले.

खरं म्हणजे वृषभने त्याच क्षणी पळायला हवं होतं. पण तो वॉचमनच्या बोटांकडे बघत उभा राहिला. नंबराच्या रकान्यात नंबर, नावाच्या रकान्यात नाव. 'नीट' खूश झाला, हिरवी खूण उमटली, पास बाहेर आला. आपलं काहीतरी कुणीतरी वापरतंय हे तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. त्याला इतका आनंद झाला की भीती वाटायला जरा उशीरच झाला.

भीती ऑफिसच्या दारात वाटली. तिथे फरशीवर स्टोअरची सगळी माणसं मांडी घालून बसली होती आणि मधोमध स्टोअरकीपर बाळासो. समोर मालक अमरसिंह घाम पुसत उभे होते.

"अहो बाळासो, मी कशाला काढीन तुम्हाला?"

"मग पावणं का म्हनतंय ह्ये मला?" बाळासोंचा आवाज फुटला. "दाढी काळी हुती तवापास्नं हितं हाय मी. गेटवरच्या माणसाला पावणं म्हना की, त्यो आलाय आणि जाणार हाय. मला का? म्हंजे मीबी जाणार. तोंडानं सांगाय धीर हुईना, म्हणून कॉम्प्युटरकडनं सांगाय लागलाय तुमी!"

"व्हय, आमालाबी तसंच म्हनलं!" मागून आवाज आले.

"निशा, हे लिहिणारा माणूस सापडला का?" अमरसिंह गरजले.

कॉम्प्युटर विभागाच्या निशा कांबळे लॅपटॉप घेऊन पुढे आल्या. "सर, आपण 'नीट' म्हणून एक फुकटचा प्रोग्राम वापरतोय, त्यात हे आलंय. लिहिणारा कुठला आहे ते दिलेलं न्हाय. खरं सर, बोलण्यावरनं लई लांबचा वाटत न्हाय."

वृषभला गप्प बसता आलं असतं. पाच मिनिटांत दुरुस्ती करून वाहवा मिळवता आली असती, नोकरीसकट. पण बाळासोंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याच्यामुळे होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"मी लिहिलंय साहेब," तो म्हणाला.

"तुम्ही? आमचं-तुमचं काय वाकडं आहे?"

"काय न्हाय. तुमी वापरताय ह्येच मला म्हायती नव्हतं."

अमरसिंह यावर काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून मोठ्याने वाचल्याचा आवाज आला. अण्णा निशाताईंच्या लॅपटॉपपुढे उभे होते. "तोंड उघडा की पावणं, आमाला काय सपान पडतंय... डझन म्हनताय का नग, त्ये आदी घरात ठरवून या..." वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी चष्मा काढला आणि मुलाकडे पाहिलं.

"ह्ये मी बोलायचो."

"व्हय अण्णा."

"काउंटरवर. तू पोत्यावर बसून अभ्यास करायचास तवा."

"व्हय."

अण्णा सरळ जाऊन बाळासोंच्या शेजारी फरशीवर बसले. "हे बघा, ह्ये बोलणं माजं हाय. कॉम्प्युटरचं न्हवं आणि मालकाचंबी न्हवं. मी दुकानात पावणं कुणाला म्हनायचो? ज्याच्यावर वराडता येत न्हाय त्याला. गिऱ्हाइकाला. आपल्या माणसाला नावानं हाक मारून वराडायचं असतंय. पोरानं पावण्यांचं लिवलं, घरच्या माणसांचं लिवायचं राहिलं. चूक हाय त्याची."

"मग मला काय म्हनला असता तुमी?" बाळासोंनी डोळे पुसले.

"तुमी काय भरलं हुतं?"

"नगाच्या रकान्यात 'भरपूर' लिवलं हुतं."

अण्णांनी गळा साफ केला आणि कितीतरी दिवसांनी काउंटरवरचा आवाज लावला. "बाळासो! भरपूर म्हंजे किती? मोजाय बसलाय का पंक्तीला वाढाय?"

मग बाळासोच आधी हसले आणि पाठोपाठ सगळी फरशी हसली. माणसं उठली, कपडे झटकले. वृषभने तेवढ्यात निशाताईंच्या लॅपटॉपवर दुरुस्ती केली, पावणं गेले, जुनं इंग्रजी परत आलं. बाळासोंनी मुद्दाम पुन्हा 'भरपूर' भरून पाहिलं आणि आलेल्या ओळीकडे बघत बसले.

"ह्ये काय म्हनतंय?"

"तेच म्हणतंय. आकडा घाला," निशाताई म्हणाल्या. "आधीपासून हेच म्हणत होतं. तुमी कुणी वाचत नव्हता, नुसतं ओके दाबत होता." मग त्या अमरसिंहांकडे वळल्या. "सर, भांडण सोडलं तर ह्या आठवड्यात स्टोअरची माहिती पहिल्यांदा बरोबर आली. शिव्या बसल्यागत वाटतं म्हणून का हुईना, लोक वाचत होते."

"माझ्या नावानं घाला ते," बाळासो म्हणाले. "आता पंक्तीचं म्हनले, तसंच."

"आमाला बी!" मोल्डिंग खात्यातल्या लोकांनी दारातून ओरडून सांगितलं.

अमरसिंहांनी घाम पुसणं थांबवलं. धंद्याचा माणूस; यात एक नोकरीच आहे हे त्यांना चटकन दिसलं. प्रत्येक खात्यात बसायचं, माणसं काय चुकतात ते बघायचं आणि त्यांना कळेल असं बोलून द्यायचं. "वृषभराव, कधीपासून येताय?"

वृषभ अवघडला. "साहेब, प्रोग्राम मी घरातनं सांभाळीन. तो सगळ्यांचाच हाय. पण ही वाक्यं मला सुचत न्हाईत. मी नुसती उतरवून घेतली."

अमरसिंहांची नजर हळूहळू अण्णांकडे गेली. अण्णा तोवर मोल्डिंगवाल्यांना गाठून वजन किलोत लिहिता की अंदाजात, याची चौकशी करत होते.

परतताना स्कूटर हायवेला लागली. वृषभनेच विषय काढला.

"अण्णा, बगितलासा न्हवं? जित्ती माणसं. वापरत्यात."

"बगितली."

"मग?"

"वापरत्यात खरं. पर तुजं कुठं वापरत्यात? माजं वापरत्यात."

उजळाईवाडी येऊन कोल्हापूर जवळ आल्यावर वृषभला धीर झाला. "पर कागलचं नाव काढणार न्हाय म्हनलासा तुमी."

"तुज्यासाठी न्हाय काढत," अण्णा म्हणाले. "सोमवारी सकाळी मला तेवढं कंपनीत सोडून जा. आणि घरात बसून तुजं काय त्ये फुकटचं कर बाबा निवांत. घरात एक कमावता असला म्हंजे झालं."