डिस्कला लागलेली धाप

मी येईपर्यंत बंद करू नको, असं आबांनी बजावलेला कॉम्प्युटर मी शनिवारी दुपारी दोन वाजता बंद केला, त्यावर कापड घातलं, ऑफिसला कुलूप लावलं आणि घरी जाऊन झोपलो. झोप चांगली लागली. त्या आठवड्यात चांगलं म्हणावं असं तेवढंच घडलं.

आबा आमच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर. शाळा धुळ्याच्या पुढे, आग्रा रोडवर, सोनगीरच्या अलीकडे. मी त्याच शाळेत शिकलो आणि दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून त्याच शाळेत कारकून झालो. शाळेत कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. पगार बेताचा असला तरी हाक ऐसपैस.

आबांचं खरं शिक्षण विहिरीवरच्या मोटरींवर झालेलं. सुट्टीच्या दिवशी कोणाची मोटर कुरकुरली की आबांना बोलावणं यायचं. मोटर उघडायच्या आधी ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय की जायच्या बेतात आहे, आणि कपाशीचं एक पाणी तरी निघेल का, एवढं सगळं त्यांना तिथल्या तिथे कळायचं. शाळेत जे जे फिरेल त्याची ते अशीच तपासणी करत. छताचे पंखे, शिवणाच्या तासाचं यंत्र. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची जीप त्यांनी बॉनेटला कान लावून तपासली होती, साहेब आत बसलेले असताना.

नव्वदीच्या मध्यावर सुरतेला स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या दुकानातला वापरून थकलेला कॉम्प्युटर शाळेला भेट दिला. मी धुळ्याला दोन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यातला पहिला महिना क्लासमध्ये कॉम्प्युटरच आला नव्हता. तरी गावात माझ्याइतका जाणकार दुसरा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

आबा पहिल्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. आत काय फिरतंय, असं त्यांनी विचारलं. हार्ड डिस्क, मी म्हणालो. आबांनी कान लावला आणि म्हणाले, "हाई म्हतारी शे."

तेव्हापासून ते रोज सकाळी घंटा देण्याआधी ऑफिसात येत आणि एका पाठकोऱ्या वहीत डिस्कची तब्येत टिपून ठेवत. चालू केल्यापासून पडद्यावर अक्षरं यायला किती वेळ लागला. आवाज कसा होता: सरळ, खरखर, का मधूनच टक्. कोणती फाइल उघडताना ती अडली आणि किती वेळा. मी हसायचो. माझ्या कोर्सच्या पुस्तकात स्क्रू ड्रायव्हरचं प्रकरण नव्हतं. शिक्षक आबांना डॉक्टर म्हणू लागले, आबांनी तेही चालवून घेतलं.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगायला हवं. शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि एप्रिलअखेर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरायचा होता. त्यांचे पत्ते आबांनी जमवले होते. दोन वर्षं. धुळ्याच्या स्टँडवर, साक्रीच्या बाजारात, लग्नांच्या पंगतीत, जिथे ओळखीचं तोंड दिसेल तिथे ते थांबवायचे आणि सिगारेटच्या पाकिटावर, तिकिटामागे पत्ता लिहून घ्यायचे. मी एकेका वर्षाची एकेक फाइल केली, पत्ते टाइप केले आणि चिठ्ठ्या फेकून दिल्या. ऑफिस स्वच्छ दिसायला हवं ना. प्रत्येक नावापुढे आबा एक शेराही सांगायचे: बीकर. दोन परीक्षानळ्या. लंबकाचा दोरा. त्या पोराने प्रयोगशाळेत काय फोडलं, काय तोडलं, ते. हे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले की लिख, तुन्हं काय जास.

मेळावा झाला की दुसऱ्या महिन्यात आबा रिटायर होणार होते. घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पोरं यावीत असं ते कधी म्हणाले नाहीत. निमंत्रणं कधी जाणार, एवढंच दिवसातून तीनदा विचारायचे.

शनिवारी सकाळी डिस्कचा टक् टक् वाढला. आबांनी बराच वेळ कान लावून ठेवला. मग मला म्हणाले, "हाई धापा टाकी राहिनी. चालू शे तवलोंग चाली. थंडी पडनी ते उठाव नही." बंद होऊन थंड पडली की पुन्हा उठणार नाही, पत्ते आधी दुसरीकडे उतरवून घे, असं त्यांचं म्हणणं. माझ्याजवळ दोनच फ्लॉप्या होत्या. एक खराब, आणि दुसरीत मोटारींच्या शर्यतीचा खेळ, तो पुसायला माझा जीव होईना. हे मी आबांना सांगितलं नाही. फ्लॉप्या संपल्यात म्हणालो. ते डोक्याला टॉवेल गुंडाळून तशाच उन्हात धुळ्याला फ्लॉप्या आणायला निघाले.

मी दोनपर्यंत वाट पाहिली. पोटात कावळे ओरडत होते. आजाऱ्याला विश्रांती द्यावी असा शहाणा विचार करून मी बटण दाबलं. त्या दिवशी लाइटसुद्धा गेली नव्हती. लाइटला माझ्यापेक्षा अक्कल होती.

आबा साडेतीनला परत आले ते कुलूप पाहायला.

सोमवारी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला, पण डिस्क हूं की चूं करेना. मुख्याध्यापकांनी विचारलं, भाऊसाहेब, मूळ चिठ्ठ्या असतील ना? मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिलो.  आबा मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डिस्क बाहेर काढायला लावली. टॉवेलात गुंडाळून सदऱ्याच्या आत पोटाशी धरली आणि घंटेखालच्या स्टुलावर तासभर बसून राहिले. पोरं येता-जाता बघत होती, शिक्षक हसत होते. मला नाही हसता आलं. तासाने आत येऊन त्यांनी डिस्क हातात आडवी धरली, मनगटाला एक झटका दिला, गच्च बसलेला नट सोडवतात तसा, आणि जोड म्हणाले.

फिरली. खरखरत, पण फिरली.

लाइट बाराला जायची, तोवरच काय ते. मुख्याध्यापक म्हणाले, अलीकडची वर्षं आधी घ्या, ते नोकरीधंद्याला लागलेत, देणगी देतील. आबांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावलेला होता. ते डोळे न उघडता म्हणाले, "सर, नवासले शाळाना रस्ता याद शे. जुनासले बलावनं पडी."

नव्यांना रस्ता आठवतो, बोलवावं लागतं ते जुन्यांना, हे मुख्याध्यापकांनाही पटलं. आम्ही जुन्यापासून सुरुवात केली. आबा ऐकून सांगायचे, आता घे, आता थांब, तिला दम खाऊ दे. मी मुकाट्याने ऐकत होतो, कारण ते थांब म्हणाले आणि मी थांबलो नाही तर पडद्यावर चूक यायची. एकेक वर्ष फ्लॉपीवर उतरत गेलं. पाच वर्षं राहिली असताना एक लांब टक् झाला. आबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि टॉवेलाने तोंड पुसलं.

राहिलेल्या वर्षांत माझंही वर्ष होतं.

दुपारी आबा वही घेऊन माझ्यासमोर बसले. पत्ते पुन्हा फिरून आणता येतील, नावं तरी लिहून घे म्हणाले. आणि सांगू लागले. जनरल रजिस्टर नाही, काही नाही. माझ्या वर्षाची पोरं हजेरीच्या क्रमाने त्यांच्या तोंडून येत होती, ज्याच्या त्याच्या शेऱ्यासकट. हा भिंगावर बसला होता. यानं थर्मामीटर चहात बुडवलं. हिनं चंचुपात्र फोडलं आणि दोन दिवस शाळेत आली नाही, तिला घरून आणावं लागलं. सहा-सात वर्षांपूर्वी काच फुटल्याचा आवाज त्यांच्या कानात जसाच्या तसा होता, आणि प्रत्येक काचेमागे एक पोरगं उभं होतं. सांगताना त्यांचा थकलेला चेहरा सैल पडत होता. मी लिहीत होतो. वर्ग संपला. माझं नाव आलं नव्हतं.

"आबा, मी राहिलो," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मोटरीकडे पाहावं तसं.

"भाऊसाहेब, तू तीन साल मांगे हुभा राहिना, कशालेच हात लावा नही. म्हनीसन तुन्हं तोंड ध्यानमा नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी बंद पडलेल्या डिस्कवर बोट टेकवलं. "आते राही."