चार कोपऱ्यांचा खान

राज्य न्यायावर टिकते, असे सगळीकडे म्हणतात. आमच्या छावणीत ते बुरणुसावर टिकते. साहित्य असे: लोकरीचा पांढरा बुरणूस एक, त्याचे कोपरे चार, कोपरे धरणारी माणसे चार (सरदारच हवेत असे नाही, पण ते पुढे असतात), आणि मध्ये बसणारा एक. कंबरेपर्यंत उचलले, की बसलेला खान होतो. पुढेही त्याचा हुकूम उचललेल्या बुरणुसावरून दिला तरच खरा. जमिनीवरून दिला तर ती नुसती बडबड.

दुसरा कायदा असा, की राजरक्त जमिनीवर सांडू नये. म्हणून खानाला मृत्युदंड झाला, तर त्याला बुरणुसात गुंडाळतात आणि वरून घोडे घालतात. बुरणूस तोच. आमचे लोक काटकसरी.

दाइदूर हा आमचा दहा हजारांचा सेनापती. प्रत्यक्षात माणसे सात हजार होती. उरलेली तीन हजार आदरापोटी धरत. त्याच्या सर्वांत मोठ्या लढाईत शत्रू आदल्या दिवशीच निघून गेला होता, त्यामुळे आमची हानी शून्य. असा सेनापती पूर्वी झाला नव्हता. आम्ही त्याला उचलले.

त्याला ते आवडले. मग तो रोज सकाळी उचलायला सांगू लागला, पुढे जेवणाआधी, आणि नंतर जेवणानंतरही. (जेवणानंतरचा खान जास्त जड असे.) कारभार फार उंचीवरून चालला होता.

"मटण जरा कमी खा रे," त्याची आई नारान म्हणाली. "त्या चौघांच्या कमरा बघ."

"आई, खानाचं वजन पडायलाच हवं."

"पडेल हो एक दिवस."

वसंतात सरदार मोंगतूला शिंक आली. त्याचा कोपरा सुटला, खान नाकावर आपटला आणि रक्ताचे तीन थेंब गवतावर पडले.

न्यायसभा बसली. राजरक्त सांडले हे उघड होते. प्रश्न एवढाच, की सांडले कोणी? मोंगतूच्या अंगातून तर एक थेंबही आला नव्हता. ज्याच्या नाकातून आले, त्यानेच सांडले. शिक्षा ठरलेली: बुरणूस आणि घोडे.

"अरे, खान मी आहे! मी मला माफ करतो!" दाइदूर ओरडला.

"अवश्य करा," मोंगतू अदबीने म्हणाला. "फक्त वरून बोला."

"मग उचला की!"

"कंबर धरलीय, खान."

बाकी तिघांच्याही धरल्या होत्या.

नारानने धावत जाऊन एक कोपरा पकडला. "अरे, तिघं या! तीनच जण हवेत! याच्या पंक्तीला बसून बोटं चाटलीत ना रे तुम्ही?"

भोवती सात हजार माणसे होती. आम्ही मनापासून हळहळलो. माझ्या हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा होता, तो सांडला असता. शेजाऱ्याने हात बाह्यांत घातले होते. वारा गार होता. एवढ्यात घोडे आणले गेले.

वाचक म्हणतील, आम्ही असतो तर पुढे झालो असतो. खरे आहे. आमच्यातलाही प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी मोंगतूला खान करायचे ठरले तेव्हा प्रत्येक जण पुढे झालाही.

मोजणी अशी. आदल्या दिवशी कोपऱ्यांवर आलेले हात: दोन, म्हातारीचे. मोंगतूच्या वेळी: चौदा हजार दोन, तुमचे धरून.