तिसऱ्या बाटलीचा वास

"माझं नाक म्हणजे नुसतं नाक नव्हे, मेहुणेबुवा, ती एक तपाससंस्था आहे!"

हे वाक्य हुंग्या कुणी विचारायची वाट न बघता बोलायचा. बसमध्ये बोलायचा, न्हाव्याकडे बोलायचा, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासलेला असताना बोलला आणि डॉक्टरला वाटलं, याला भूल चढली. "जगात गुन्हेगार दोनच प्रकारचे. एक, ज्यांचा वास मला आलाय. दुसरे, ज्यांचा यायचाय." एवढं म्हणून तो डोळे मिटायचा आणि नाकपुड्या अशा फुगवायचा की समोरच्याने थोडं मागे सरकावं.

दिवसा हा महान माणूस पडद्यांच्या दुकानात कापड कापायचा. खिशात कायम कात्री. गुप्तहेरी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी.

आणि मेहुणेबुवा कोण? तर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला म्हणून बहिणीकडे राहायला आला आणि नोकरी मिळायच्या आत मदतनीस म्हणून भरती झाला. पगार नाही, सुट्टी नाही, राजीनामा द्यायची सोय नाही, कारण जेवण त्याच घरात.

तर त्या रविवारी केस आली ती थेट हुंग्याच्या थोरल्या बहिणीकडून. ताईचं छोटंसं रेस्टॉरंट होतं. आठ टेबलं, एक शेफ, आणि तो शेफच तिचा भागीदार. भांडण पेटलं होतं हाउस वाइनवरून. हाउस वाइन म्हणजे काय, की गिऱ्हाईक "कुठलीही रेड द्या हो" म्हणालं की जी पुढे येते ती. ताईला हवी होती एका मोठ्या कंपनीची, मधल्या किमतीची, कुठल्याही दुकानात मधल्या फळीवर दिसते तसली. शेफला हवी होती कुणा दोन भावांच्या छोट्याशा मळ्यातली, जिचं नाव घेताना तो आवाज खाली आणायचा.

"ताई, ती वाइन नाहीये, तो कारखाना आहे," शेफ म्हणायचा.

"तुझा ओव्हनपण कारखान्यातच झालाय. त्याला नावं ठेवतोस का?"

शेवटी ठरलं, बाटल्या झाकून चाखायच्या. ताईची जिंकली तर वाइनची यादी कायमची ताईच्या हातात. हरली तर शेफच्या. ताई मोठ्या तोऱ्यात "चालेल" म्हणाली. पण मेहुणा खुर्च्या लावत होता तेव्हा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "इथले चमचे मी निवडले, दिवे मी निवडले, भिंतीचा रंग मी निवडला. पण वाइनचं काही बोलले की हा एक भुवई उचलतो रे, आणि मला वाटायला लागतं, माझी जीभच खोटी आहे की काय."

मेहुणा काहीतरी धीराचं बोलणार होता. पण तेवढ्यात कोठीतून हुंग्याची आरोळी आली. "कोणीही आत येऊ नये! गोपनीय काम सुरू आहे!"

बाटल्या झाकायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. बराच वेळ आतून कात्रीचा कचकच आवाज आला, मग थोडं कण्हणं, आणि मग स्वारी चार बाटल्या ट्रेमध्ये घेऊन बाहेर. चारही बाटल्यांना मोजे घातलेले! वरून खाली ओढलेले, आणि बोटांकडच्या टोकाला भोक पाडून त्यातून बाटलीचं तोंड तेवढं बाहेर काढलेलं.

"दाजी, तुमच्या दुकानभर कापड आहे. पिशव्या शिवून आणायच्या ना," मेहुणा म्हणाला.

"कापडावरून दुकान ओळखू येतं, दुकानावरून मी. पुराव्याला माझा हात लागलेला दिसता कामा नये."

असं म्हणून तो टेबलाकडे निघाला. चालताना त्याचा डावा बूट पचक-पचक वाजत होता. मेहुण्याने ऐकलं, पण दाजींच्या अंगातून येणाऱ्या प्रत्येक आवाजाची चौकशी करायची नाही, हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम होता.

परीक्षक तिघं. ताई, शेफ, आणि निःपक्षपाती म्हणून मेहुणा. दाराजवळ कंपनीचा विक्रेता मांडीवर बॅग धरून बसलेला, मुलीचा निकाल असल्यासारखा.

पहिली बाटली. शेफने ग्लास फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घोळवला. "पातळ."

"पाणचट," ताई म्हणाली.

"ओली," मेहुणा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "नाही, म्हणजे, मीपण पातळच म्हणतोय."

दुसरी बरी निघाली, पण घशात उतरली की विसरायला होत होती.

तिसरी ओतली. शेफने नाक घातलं आणि असं बाहेर काढलं, जसं कुणी आतून चिमटा घेतला. ताईने वास घेतला, तिच्या डोळ्यांत पाणी. मेहुण्याने वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला.

"तबेला," शेफ म्हणाला. "काही थोर वाइनना तबेल्याचा वास असतो, मान्य. पण तिथे घोडे जिवंत असतात."

"ओलं कुत्रं," ताई म्हणाली. "पावडर लावलेलं ओलं कुत्रं."

"तुला काय वाटतं रे?" शेफने मेहुण्याला विचारलं.

मेहुणा विचारात पडला होता. "मला का कोण जाणे, घरची आठवण येतेय."

चौथी आली आणि शेफचा चेहरा उजळला. मग हुंग्याने छाती फुगवून निकाल फोडला. चौथी शेफच्या दोन भावांची. पहिली आणि दुसरी अशाच, सोबतीला आणलेल्या. आणि तिसरी...

"मोठ्या कंपनीची. ताईची."

शेफची भुवई वर गेली. ताईने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. परवा घरी हीच वाइन तिने आवडीने प्यायली होती, आणि आज तिनेच, स्वतःच्या तोंडाने, तिला ओलं कुत्रं म्हटलं होतं. ती ग्लासाकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या जिभेचं खरंच काही खरं नाही."

"अशक्य!" विक्रेता उठून उभा राहिला. "आमच्या टाक्या या इमारतीएवढ्या आहेत! एका टाकीतून हजारो बाटल्या भरतात. एकाच बाटलीत कुत्रं शिरेल कसं?"

झालं! 'कसं' हा शब्द कानावर पडला की हुंग्याला कुणी आवरू शकत नसे. "दारं बंद करा! इथे गुन्हा घडलाय!"

"बुचाचा रोग," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. पचक, पचक. "खराब बूच वाइनला कुबट करतं. गुन्हेगार बूच आहे! मेहुणेबुवा, बूच जप्त करा."

"दाजी, या बाटलीला बूच नाहीये. फिरकीचं झाकण आहे."

"म्हणजे बूच फरार झालं!"

मग त्याने विक्रेत्याचा कोट हुंगला. "तुम्ही बाटली बदलली."

"मी माझीच वाइन बिघडवीन कशाला?"

"हाच तर कावा! तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

"तुम्ही घेताय की."

"मी 'कोणी' नाही." मग मोर्चा शेफकडे. हुंग्याने त्याचे हात हुंगले, मग कोपर, मग त्याहून पुढे जाऊ लागला तेव्हा शेफने झारा उचलला. "कांदा, लसूण आणि अहंकार," हुंग्याने जाहीर केलं. "पण कुत्रं नाही. तेव्हा उरते एकच शक्यता. या खोलीत कुत्रं येऊन गेलंय."

"कुत्रं दिसलं नाही कुणाला," मेहुणा म्हणाला.

"तरबेज असणार."

आणि हा माणूस, खोटं सांगत नाही, टेबलाखाली चार पायांवर शिरला! जमीन हुंगत हुंगत फिरला आणि आतून ओरडला, "वास वाढतोय! मी जिथे जातो तिथे वाढतोय! ते माझ्या मागावर आहे!"

नेमकं तेव्हाच दार उघडून त्याची बायको आली. मेहुण्याची अक्का. दुपारचं जेवण ताईकडेच ठरलं होतं. तिने टेबलाखालून बाहेर आलेला नवऱ्याचा मागचा भाग बघितला, अजिबात आश्चर्य न वाटता पर्स खुर्चीवर ठेवली, आणि तिची नजर ट्रेवर गेली.

"हे मोजे आपले ना?"

"वस्तुस्थितीत ढवळाढवळ करू नकोस," टेबलाखालून उत्तर.

"अहो, या तिघांची टोकं कात्रीने कापलीत. सरळ आहेत. हा चौथा कापलेला नाही, फाटलेला आहे." अक्काने तिसऱ्या बाटलीचा मोजा दोन बोटांत धरला. "हे भोक मी ओळखते. यातून तुमचा अंगठा सोमवारपासून माझ्याकडे बघतोय."

खोलीत कोणी श्वास घेईना, आणि त्याला दुसरंही कारण होतं.

हुंग्या हळूहळू बाहेर आला. अक्का म्हणाली, "डावा बूट काढा."

"बायको, सगळ्यांसमोर..."

"काढा."

बूट निघाला. आत पाय एकटाच होता.

"धुतलेले तीनच सापडले," हुंग्या पुटपुटला. "बाटल्या चार. मग चौथ्याचा मी त्याग केला."

"आणि त्या मोज्याच्या काठावरून वाइन ओतली!" शेफ ओरडला, आणि तोंड धुवायला पळाला.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पुराव्याला हात लागू नये म्हणून पाय लावलात होय?" मग त्याच्या एकदम लक्षात आलं. "तरीच मला घरची आठवण आली!"

विक्रेता खुर्चीत बसून हसत होता का रडत होता, ते कळत नव्हतं. पण ताई हसली नाही. ती उठून उभी राहिली. "म्हणजे मला वास बरोबर आला होता."

"आला असेल," शेफ तोंड पुसत परत आला. "पण परीक्षा बाद. आता कुठली बाटली कुणाची ते सगळ्यांना माहीत झालं."

"मग माझे डोळे बांध. एकटीचे. तू ओत, तुझ्या स्वच्छ ग्लासांत, तुला हव्या त्या क्रमाने. कंपनीची नवी बाटली उघड. ओळखली नाही तर यादी तुझी."

शेफने धुतलेला नॅपकिन आणला, अक्काने तो आधी हुंगून बघितला, मग बांधला. शेफ ग्लास घेऊन आला. हुंग्याने तोंड उघडलं, अक्काने ते मिटवलं.

ताईने पहिला घोट घेतला. "ही तुझ्या दोन भावांची. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण जेवताना सगळा वेळ स्वतःबद्दलच सांगत बसेल."

दुसऱ्याला तिने मान हलवली. "ही विसरायची."

तिसऱ्याला ती थांबली. पुन्हा एक घोट घेतला. मेहुण्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. विक्रेत्याने डोळे मिटले.

"आलुबुखार," ताई म्हणाली. "पिकलेला. मागून जराशी मिरी. शेवटी जीभ थोडी ओढल्यासारखी होते, आणि मग ती गप्प बसते, आणि आपल्याला पुढचा घास घ्यावासा वाटतो. थोरबीर काही नाही. पण इथे येतात ते लोक दमून येतात, त्यांना जेवायचं असतं, बोलायचं असतं. त्यांच्यात लुडबुड न करणारी हवी." तिने ग्लास खाली ठेवला. "ही माझी."

शेफ पुढे झाला. त्याने तिचाच ग्लास उचलून उरलेला घोट घेतला. मग बाटली घेऊन स्वतःला आणखी थोडी ओतली.

"भाजलेल्या मांसाबरोबर चालेल," तो ग्लासात बघत म्हणाला.

"केस सुटली!" हुंग्या एका बुटावर उभा राहून म्हणाला. "सुरुवातीपासून मला ठाऊक होतं, गुन्हेगार बाहेरचा नाही."

कोणी ऐकलं नाही. शेफने ॲप्रनच्या खिशातून खडू काढला. फळ्यावर रोजचे पदार्थ तोच लिहायचा आणि तो खडू आजवर त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. तो त्याने ताईच्या हातावर ठेवला.

ताईने बोटांनी तो चाचपला. पट्टी अजून डोळ्यांवरच होती, ती सोडायलाही ती थांबली नाही.

"फळा कुठल्या बाजूला आहे?" तिने विचारलं.