शाबाकाकांचं स्पेनमधलं जेवण

शाबाकाका स्पेनमध्ये होते तेवढे दिवस जेवत मात्र कोरगावात होते. पोट वालेन्सिया शहरात आणि मनगटावरचं घड्याळ कोरगावचं. विमानतळावर उतरल्यावर मी माझे काटे मागे फिरवले, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आडनावच बदललं होतं.

"तूं कर रे विनू," ते म्हणाले. "म्हाका परत वचपाचें आसा."

त्यांना न्यायला आलेला त्यांचा मुलगा उल्हास समोरच उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं, कारण काकांना परत पाठवायचं नाही, याचसाठी तर त्याने हा सगळा घाट घातला होता.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कोरगावात आमचं आणि त्यांचं अंगण एकच. काजूची बाग राखण्यात त्यांचा जन्म गेला. दोन वर्षांमागे काकी गेली आणि तेव्हापासून काका आमच्या घरचा डबा खातात. डबा उघडला की पहिला प्रश्न, "हुमण कसलें?", म्हणजे आज कालवण कशाचं, आणि जेवून झालं की एकच शब्द, "जाता." जाता म्हणजे चालेल, खपेल. काकांच्या पदरी याहून मोठी पदवी नाही. बांगडा असो की इसवण, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं हुमण असो की भाज्यांचं खतखतं, सगळ्यांचा निकाल "जाता". माझी बायको वनिता दोन वर्षांतच या शब्दाला कंटाळली. काकीने त्यावर आख्खा संसार काढला.

उल्हास वालेन्सियाच्या एका हॉटेलात कामाला आहे. बाप गावात एकटा, आपण इथे एकटे, मग दोघांनी एकत्र राहायला काय हरकत आहे, असं त्याला वाटायचं. हरकत एकच, जेवण. म्हाताऱ्याला तिथलं जेवण एकदा रुचलं की तो राहील, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने खास पैसे भरून शहरात हिंडत हिंडत खायची एक सहल ठरवली आणि त्यावर स्वयंपाकाचा एक वर्ग. माझं काम काकांना तिथवर पोचवण्याचं. काका राहिले तर मी एकटा परतणार होतो.

सहल होती रविवारी संध्याकाळी. लुसिया नावाची एक हसरी बाई आम्हाला घेऊन निघाली. बरोबर आणखी चार-सहा परदेशी पाहुणे. पहिल्या बारमध्ये उभ्या उभ्याच प्रत्येकाच्या हातात बशी आली. बशीत पावाचा एक तुकडा, त्यावर टोमॅटो किसून चोपडलेला. काकांनी तो खाल्ला आणि हात पुसून थांबले. दुसऱ्या बारमध्ये ऑलिव्ह आणि चीजची कापं. तीही खाल्ली आणि पुन्हा थांबले. लग्नघरी वऱ्हाड आल्या आल्या जो फराळ फिरवतात तो हा, पंगत मागाहून बसेल, अशी त्यांची समजूत. मधूनच ते कोणी पाट मांडतंय का बघायचे. तिथे खुर्च्यासुद्धा नव्हत्या.

"इतले पदेर आसात ह्या गावांत," ते माझ्या कानाशी लागले, "पूण हुमण करपी एक ना?" पदेर म्हणजे पाव भाजणारे.

तिसऱ्या बारमध्ये मात्र सुंगटं आली. मातीच्या वाडग्यात तेल नुसतं उसळत होतं, वर लसूण आणि लाल मिरची. काकांचा चेहरा उजळला. उल्हासने मला कोपराने खुणावलं. काकांनी काट्याने एक सुंगट उचललं, तोंडापाशी नेलं आणि त्यांची नजर मनगटावर गेली. सुंगट पुन्हा वाडग्यात पडलं.

"बारा वाजून गेले," काका म्हणाले. "सोमार लागलो."

आमच्याकडे सोमवार म्हणजे शिवराक. मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. काकांनी हा वार तोवर कधी मोडला नव्हता. पण बाहेर लख्ख ऊन पडलं होतं! तिथे उन्हाळ्यात साडेआठ-नऊलासुद्धा सूर्य मावळायचं नाव घेत नाही. त्या उन्हात उभं राहून हा माणूस सांगत होता की मध्यरात्र उलटली.

"काका, हांगा अजून आयतार आसा," मी म्हटलं.

"हांगा आसूं. देव खंय आसा?"

"खंय?"

"कोरगावांत. थंय सोमार."

मी म्हटलं, आपला वार मध्यरात्रीला बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. काकांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "मागीर तो सूर्य कसलो?" लुसियाला वाटलं, सुंगटांनी आजोबांच्या अंगावर पुरळ उठतं. उल्हासने तिला देव, सोमवार आणि कोरगाव समजावायला घेतलं. ती बराच वेळ मान हलवत राहिली, मग तिने घाईघाईने एक जाड पोळ्यासारखी वस्तू मागवली आणि सांगितलं, हा बटाटा आहे, नुसता बटाटा. काकांनी अर्धा तुकडा संपवल्यावर कळलं की त्यात बटाट्याइतकीच अंडी आहेत. त्यानंतर काका पाण्याखेरीज कशालाही शिवले नाहीत.

चौथा बार झाल्यावर लुसियाने सगळ्यांचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या आणि आशेने उल्हासकडे वळले.

"आतां जेवण?"

"बाबा, जालें जेवण."

"केन्ना?"

उल्हासने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. खरं तर जेवण झालं कधी, ही माझीही शंका होती. भात नाही, ताट नाही, बूड टेकायला जागा नाही, आणि जेवण झालं म्हणे!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिथल्या सोमवारी, काका दिवसभर फळांवर राहिले. संध्याकाळी बाहेर जेवायला बसल्यावर घड्याळ बघून म्हणाले, "मंगळार. नुस्तें हाड." म्हणजे मंगळवार लागला, मासळी आण. आता या वेळापत्रकात देव जास्त होता की काका जास्त, ते मी सांगू शकत नाही. मासा आला, काकांनी तो काट्यापर्यंत साफ केला. उल्हासने भीत भीत विचारलं, "कशें लागलें?"

"जाता."

उल्हास त्या शब्दावरही खूश. मला त्या पोराची दया आली. घरी येताना तो मला म्हणाला, "विनूदादा, बाबा रावतलो न्हय रे?" मी म्हटलं, राहतात का, बघूया. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

स्वयंपाकाचा वर्ग लुसियाच्या आईच्या घरी होता, शहराबाहेर. वाटेत दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भाताची शेतं लागली. काका गाडीच्या काचेला नाक लावून बसले. "आमचें खाजन रे हें," ते म्हणाले. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेली आमची शेतं ती खाजनं. उल्हासने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली.

लुसियाची आई ठेंगणी, पांढऱ्या केसांची, आवाज खणखणीत. तिने काकांना एप्रन बांधला. जन्मात चुलीपाशी न बसलेले आमचे काका, एप्रनमध्ये! तिथे पाएया नावाचा भात शिकवणार होते. मोठी पसरट कढई, त्यात कोंबडी, शेंगा, केशर आणि तांदूळ. पण ती बाई तांदूळ न धुताच ओतायला लागली. काकांनी कपाळाला हात लावला.

"धुवंक ना!"

उल्हासने भाषांतर केलं. बाईने ऐकून घेतलं आणि तांदूळ ओतला. काकांनी झाकण मागितलं. झाकण नसतं. ढवळायला डाव मागितला. ढवळायचं नसतं. भाताला काही म्हणजे काही करायचं नसतं, हे ऐकल्यावर काका हातावर हात बांधून बसले. शेवटी पाणी आटलं, तर बाईने आच कमी करायची सोडून वाढवली, आणि कान कढईपाशी नेऊन ऐकत राहिली. खालून चरचर आवाज येत होता. करपल्याचा वास घरभर पसरला.

"करपता! अगे बाये, करपता!" काका ओरडत गॅस बंद करायला धावले. बाईने त्यांच्या हातावर चापट मारली. मी डोळे मिटून घेतले. काकांना हात लावायची काकीचीही कधी टाप नव्हती.

मग आम्ही बसलो. इथे खुर्च्या होत्या, टेबल होतं, भातही होता. बाईने सगळ्यांना वरचा भात वाढला, पण काकांची ताटली रिकामीच ठेवली. मग चमच्याने कढईचं बूड खरवडलं, तळाला लागलेला तांबूस, कडक थर सोडवला आणि तो तेवढा काकांच्या ताटलीत घातला. वर हसून काहीतरी म्हणाली.

काका लाल झाले. "बुडचो भात म्हाका कित्याक? चापट मारली तें उणें जालें?"

"बाबा, हो मान आसा," उल्हास म्हणाला. "हांगा लोक ह्याखातीर झगडतात. सगळ्यांत बरो भाग हो. वडील मनशाक दितात."

काकांनी बाईकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. एक तुकडा तोंडात टाकला, कुरकुर चावला. आम्ही "जाता"ची वाट पाहत होतो. तो आलाच नाही.

मग ते उल्हासला म्हणाले, "तुजी आवय बुडचो भात खाताली."

"हय."

"तुका केन्ना दिलो?"

"ना. म्हणटाली, करपलेलो तो, तुमी खावं नाकात."

"म्हाकाय तशेंच म्हणटाली."

मला काकी दिसली. आम्ही सगळे जेवून उठल्यावर ती टोप पुढ्यात ओढून घ्यायची, बुडाला लागलेला भात खरवडायची, त्यावर मीठ आणि खोबरेलाचे दोन थेंब घालून दाराशी बसून खायची. त्यांच्या घरी मीही कितीदा जेवलो असेन. वरचा मऊ भात माझ्याही पानात पडायचा.

"हांव समजतालो, तिच्या वांट्याक तो येता म्हणून खाता," काका म्हणाले. "पूण हीं लोकां सांगतात, हो सगळ्यांत बरो. मागीर ती तो आवडीन खाताली? का आमकां मोव मेळचो म्हणून?"

तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मला एकाएकी फार वाईट वाटलं. लुसियाची आई, आपल्या हातचं काही बिघडलं की काय, अशा काळजीने तिघांकडे आळीपाळीने बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "हांव घरा वतां."

"बाबा, जेवण आवडलें ना तुका?" उल्हासने विचारलं.

"आवडलें," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "म्हणूनच वतां."

याचा अर्थ उल्हासला लागला नाही, मलाही नाही. विमानतळावर काकांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. उल्हास रडत होता.

कोरगावात आल्यावर काही दिवसांनी आमचा डबा न उघडताच परत आला. "हांव रांदतां," असा निरोप. वनिता घाबरली, म्हणाली, जाऊन बघा, घर पेटवतील. गेलो तर काका चुलीपुढे, डोळे धुराने लाल. चुलीवर काकीचा टोप. घरभर करपल्याचा वास. मला बघून त्यांनी पान घेतलं, वरचा मऊ भात मला वाढला आणि स्वतः टोपाचं बूड खरवडायला बसले. मीठ, खोबरेलाचे दोन थेंब.

"काका, ह्याखातीर पुताक थंय सोडून आयलात?"

"थंयचो भात थंयचो," ते म्हणाले. "तिच्या टोपांतलो खाल्ल्याबगर कशें कळतलें?"

तेवढ्यात फोन वाजला. उल्हासचा होता. रोज दुपारी तो फोन करतो, हे मला तेव्हा कळलं. "बाबा, आज कसो लागलो?"

"काल गोड आसलो," काका त्याला सांगत होते. "आज निसतो कोळसो. फाल्यां पळयतां."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मागीर कळ्ळें कितें? आवडीन खाताली?"

काकांनी एक तुकडा मोडून माझ्या पानात टाकला. "तूं खा पळोवया. तुका कितें दिसता?"

मी चावला. कडू होता, थोडा खारट, मागाहून जरा गोडसर. काकांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

"आवडीनच खाताली, काका," मी म्हटलं.

"तूं म्हाका बरें दिसचें म्हणून सांगता," ते म्हणाले, आणि टोपात उरलेला भात खरवडून त्यांनी आपल्या पानात घेतला.