देअरफोर शिल्लक नाही

लिफ्ट तपासणी कार्यालयाच्या निरीक्षकांनी सोमवारी एका अकरा मजली इमारतीच्या लिफ्टचा अहवाल इंग्रजीत सादर केला. अहवाल चार वाक्यांचा होता. दोराच्या अकरा तारा तुटल्या आहेत. दोर कधीही तुटेल. लिफ्ट बंद करावी. दोर बदलावा. कार्यालयाचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा, कारण वरच्या कार्यालयाला दुसरी भाषा समजत नाही असा खालच्या कार्यालयाचा समज होता. वरच्या कार्यालयाचाही खालच्याबद्दल तोच समज होता.

सव्वीस वर्षं निरीक्षक असेच अहवाल लिहीत आले होते. इंग्रजीशी त्यांचं नातं कामापुरतं, रामराम-नमस्काराइतकंच. पण त्यांनी तपासलेली एकही लिफ्ट आजवर कोसळली नव्हती. या वेळी मात्र त्यांना जरा घाई होती. त्या इमारतीत नवव्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहत होती. ताईचे गुडघे कामातून गेले होते. तीन महिने फोन करकरून तिने गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ मिळवली होती, ती शुक्रवारी सकाळी दहाची. शुक्रवारच्या आत नवा दोर चढायला हवा होता. दोरवाली कंपनी म्हणाली, आदेश दाखवा, अर्ध्या दिवसात बदलून देतो. आदेश निघायला अहवाल मंजूर व्हावा लागतो. म्हणजे सगळं घोडं त्या चार वाक्यांपाशी अडलं होतं.

मंगळवारी अहवाल परत आला. वर शेरा होता : 'मजकूर पाहिला. विचार एकमेकांशी जोडलेले नाहीत. प्रवाह कक्षात उपस्थित राहावे.'

प्रवाह कक्ष हे प्रकरण नवीन होतं. दोन महिन्यांपूर्वी वरून तपासणी पथक आलं होतं. पथकाने एकाही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, पण पत्रांच्या फायली मात्र पानन् पान वाचल्या, आणि 'या कार्यालयाचं इंग्रजी वाचताना दचके बसतात' असा निष्कर्ष काढला. झालं! ज्या कार्यालयात मशिनरूममध्ये न्यायला धड एक विजेरी नव्हती, तिथे आठ दिवसांत एक खोली रिकामी झाली, भिंतीवर नदीचं चित्र लागलं आणि बारा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या एक बाई प्रवाह अधिकारी म्हणून खुर्चीत बसल्या. स्वभावाने त्या अतिशय गोड होत्या, आणि हीच खरी अडचण होती, कारण त्यांच्यावर रागावताही येत नसे.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "तुमचा अहवाल मी तीनदा वाचला. तुमचं दुसरं वाक्य पहिल्याला ओळखतच नाही. तिसरं तर अगदी तिऱ्हाइतासारखं येऊन उभं राहतं."

"मॅडम, दोर तुटायला आलाय."

"हेच ते! हे तुम्ही असं धाडकन सांगता. वाचणाऱ्याला धक्का बसतो हो."

"बसायलाच पाहिजे की."

बाईंनी मान हलवली. "धक्का बसला की वाचणारा थांबतो. थांबला की प्रवाह गेला. एका विचाराचा हात धरून दुसऱ्या विचारापर्यंत न्यायचं असतं त्याला, लहान मुलासारखं. परिच्छेदात किमान तीन जोडशब्द हवेत. परिपत्रक वाचलं नाहीत का?"

निरीक्षकांनी परिपत्रक वाचलं नव्हतं. कोणीच वाचलं नव्हतं, कारण ते इतकं प्रवाही होतं की हातात धरल्याबरोबर शेवटच्या सहीपाशी पोचायला व्हायचं. त्यांना वाटलं, यात काय मोठंसं? मध्ये एक 'देअरफोर' टाकला की काम झालं. दोर तुटायला आला आहे, देअरफोर लिफ्ट बंद करावी. वाक्याला वाक्य जोडलं आणि अर्थही तोच राहिला. त्यांनी तिथल्या तिथे तसं लिहून कागद पुढे केला.

"सुरेख!" बाई म्हणाल्या. "आता याची चिठ्ठी जोडा."

"कसली चिठ्ठी?"

"भांडारातून मिळेल. परिपत्रकात आहे, परिच्छेद नऊ."

परिच्छेद नऊ येण्यालाही तसंच कारण घडलं होतं. पहिल्या आठवड्यात अख्ख्या कार्यालयाने उत्साहाच्या भरात दर ओळीला देअरफोर लावला. एका लिपिकाने तर रजेच्या अर्जात 'मला ताप आहे, देअरफोर अंग दुखतं, देअरफोर परवा मेहुणीचं लग्न आहे' असं लिहिलं होतं. तेव्हापासून जोडशब्दांचं समान वाटप सुरू झालं. प्रत्येक शब्दाची क्रमांक घातलेली चिठ्ठी भांडारातून सही करून घ्यायची, ती अहवालाच्या समासात डकवायची, आणि चिठ्ठी नसलेला जोडशब्द अनधिकृत समजायचा. एकाच शब्दावर ताण पडू नये आणि पडून राहिलेल्या शब्दांनाही संधी मिळावी, असा त्यामागचा उदात्त हेतू होता.

भांडारपाल पूर्वी ग्रीस आणि नटबोल्ट सांभाळायचे. नटबोल्ट संपले होते, त्यामुळे शब्दांना जागा झाली होती.

"एक देअरफोर द्या," निरीक्षक म्हणाले.

"देअरफोर शिल्लक नाही."

"कधी येईल?"

"एक तारखेला. त्यातही आधी रजेवाल्यांचा नंबर."

"मग बिकॉज द्या."

भांडारपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "बिकॉजला कायदा विभागाची सही लागते. एकदा कारण दाखवलं की ते कुणामुळे हा प्रश्न येतो. मागे एकाला दिला होता एक, अजून चौकशी चालू आहे त्याची."

"अहो, मग आहे तरी काय तुमच्याकडे?"

भांडारपालांनी खण ओढला. "ऑन द अदर हँड पाहिजे तितके. नेव्हरदलेस आहेत. मोरओव्हर तर घेऊनच जा, कुणी हात लावत नाही त्याला. सिमिलरली दोन निघतील, पण वापरलेले आहेत."

निरीक्षकांनी तीन चिठ्ठ्या घेतल्या आणि सही केली. दुसरा इलाजच नव्हता.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. निरीक्षक चोपन्न वर्षांचे आणि अठ्ठ्याऐंशी किलोंचे होते, तरी ताईच्या लेखी अजून बारक्याच.

"बारक्या, लिफ्ट आता मजल्याच्या वीतभर खाली थांबते रे. आणि वरून आवाज येतो, कुणी दात खात असल्यासारखा."

"बसू नकोस तीत, ताई. अजिबात बसू नकोस."

"मी कुठे बसतेय? पण शुक्रवारी काय करू? नऊ मजले उतरायचे म्हणजे... आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, कागद आल्याशिवाय लिफ्ट बंद करता येत नाही. लोक ओरडतात त्यांच्यावर."

"येतोय कागद. शुक्रवारच्या आत सगळं होईल."

"तू म्हणतोस म्हणजे होईल," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

निरीक्षक कागद घेऊन बसले. पुढ्यात तीन चिठ्ठ्या होत्या. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं : दोराच्या अकरा तारा तुटल्या आहेत. आता पुढे 'ऑन द अदर हँड' आलं, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी ठेवणं भागच होतं. त्यांनी लिहिलं, ऑन द अदर हँड, उरलेल्या एकशे तीन तारा शाबूत आहेत. यात खोटं काहीच नव्हतं. मग 'मोरओव्हर' आलं. त्याला आणखी एक तशीच चांगली गोष्ट लागते, म्हणून त्यांनी बराच विचार करून लिहिलं, मोरओव्हर, लिफ्टमधला दिवा उत्तम चालतो. आता 'लिफ्ट बंद करावी' हे वाक्य या मंडळींच्या पंगतीला बसेना. दिवा उत्तम चालतो म्हणून लिफ्ट बंद करा, असं कसं म्हणणार? शेवटी 'नेव्हरदलेस'ची चिठ्ठी डकवून त्यांनी लिहिलं, नेव्हरदलेस, दोराचा यथावकाश विचार होणे उचित ठरेल.

अहवाल वाचून त्यांनाच कसंसं झालं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि अहवाल मात्र धादांत खोटा होता. पण 'अकरा तारा तुटल्या आहेत' हे पहिल्याच ओळीत आहे, ते वाचून मंजुरी देणारे मोठे साहेब थांबतीलच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेली चूक तेवढीच.

गुरुवारी प्रवाह अधिकारी बाईंनी अहवाल वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रवाहाला शंभरपैकी एक्याण्णव गुण दिले. कार्यालयात इतके गुण आजवर कोणालाच पडले नव्हते, खुद्द परिपत्रकालाही अठ्ठ्याऐंशीच होते. मोठ्या साहेबांनी अहवाल चहा निवायच्या आत वाचून संपवला. कुठे थांबावंच लागलं नाही. ते कुठे थांबले नाहीत, त्यामुळे लिफ्टही थांबवावी लागली नाही, आणि दुपारी चार वाजता 'लिफ्ट वापरास योग्य' असं एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र निघालं. सोबत अहवालाची प्रत आदर्श नमुना म्हणून जोडली होती, आणि पुढच्या महिन्यापासून निरीक्षकांनी इतरांना प्रवाही लेखन शिकवावं असा आदेशही होता. निरीक्षक मोठ्या साहेबांच्या दालनाकडे धावले. साहेब प्रवाह या विषयावरच्या परिसंवादाला गेले होते आणि सोमवारी येणार होते.

शुक्रवारी सकाळी नऊला निरीक्षक इमारतीत पोचले, तेव्हा सेक्रेटरी लिफ्टच्या आत खिळा ठोकत होते. प्रमाणपत्र आणि अहवाल त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून आणले होते. बाहेर कामावर निघालेल्यांची रांग होती.

"लिफ्ट बंद करा," निरीक्षक म्हणाले. "दोर तुटतोय."

"काय थट्टा करता साहेब! खाली सही तुमचीच आहे."

"अहो, वाचलंत का तुम्ही ते?"

"दोनदा वाचलं! कुठे म्हणून खडा लागत नाही."

"मी तर नातीला पाठ करायला दिलंय," रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "हल्ली असं इंग्रजी बघायला मिळत नाही."

"त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय, अकरा तारा तुटल्यात म्हणून!"

सेक्रेटरींनी चौकटीशी नाक नेलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अकरा तारांवरून त्यांचा आवाज लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरला आणि थेट दिव्यापाशी जाऊन पोचला.

"हो की, आहे खरं," ते म्हणाले. "पण पुढे ऑन द अदर हँड आहे ना!"

रांगेने माना डोलावल्या. निरीक्षकांनी सेक्रेटरींना हाताला धरून लिफ्टबाहेर काढलं, अकरा मजले जिन्याने चढले, मशिनरूममधला फ्यूज उपटला आणि खिशात घातला. उतरताना नवव्या मजल्यावर ताई पिशवी आणि काठी घेऊन दारात उभी होती.

"ताई, लिफ्ट नाही. दोर तुटतोय."

"मग जिन्याने चल," ताई म्हणाली, आणि भावाच्या खांद्यावर हात टाकून ती पहिली पायरी उतरलीसुद्धा.

नऊ मजले उतरायला त्यांना सव्वा तास लागला. दर मजल्यावर ती थांबायची, कण्हायची आणि भावाला दोन शब्द सुनवायची. चौथ्या मजल्यावर दहा वाजले. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे डॉक्टरांची वेळ गेली ना?" ते म्हणाले.

"वेळ पुन्हा मिळेल रे. मी पुन्हा मिळाले नसते," ताई म्हणाली. "आता खाली बघ, पायरी मोडकी आहे."

तळमजल्यावर रांग पांगली नव्हती, उलट वाढली होती. त्या सव्वा तासात निवृत्त शिक्षिकांनी निरीक्षकांविरुद्ध तक्रारअर्ज तयार केला होता, आणि त्यावर चौतीस सह्याही झाल्या होत्या. सेक्रेटरींनी तो ताईपुढे धरला. ताईने चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली आणि पेन मागून सही केली.

"अगं ताई, माझ्याविरुद्ध आहे तो!"

"हो का?" ताई चष्मा काढत म्हणाली. "वाचताना कुठे जाणवलंच नाही बघ मला. लिहिलंय मात्र छान."

निरीक्षक ताईला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचं घर तळमजल्यावर आहे. दुपारी सेक्रेटरींनी वायरमनला बोलावून दुसरा फ्यूज बसवला, आणि प्रमाणपत्र समोर लावलेलं असल्यामुळे वायरमननेही काही विचारलं नाही. निरीक्षकांना कारणे दाखवा नोटीस निघाली आहे. तिचं उत्तर त्यांनी एका वाक्यात लिहून दिलं होतं, ते जोडशब्दांअभावी परत आलं. लिफ्ट चालू आहे.

ही इमारत कुठली, ते सांगायला परवानगी नाही. पण एवढं करा. आज लिफ्टमध्ये शिराल तेव्हा समोर चौकटीत लावलेला कागद वाचा. वाचताना कुठे अडखळलात तर खुशाल बटण दाबा. एका दमात, सुखाने, मान डोलावत वाचून झाला, तर जिना शेजारीच असतो.