दाजींच्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्या दाजींबरोबर पंपावर डिझेल भरायला जायचं असेल, तर माणसानं पोटभर जेवून जावं. दाजी टाकी भरत नाहीत, ठासतात. पंपावरच्या माणसानं नळी लावली, की ते गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरवतात, एका बाजूला रांगेत उभं करतात आणि हुकूम सोडतात, "हं, हलवा!" मग मी, माझी बायको आणि असेल तो पाहुणा, सगळे गाडीला धरून पाळण्यासारखी हलवतो. टाकीत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघाली, तरच टाकी काठोकाठ भरते. आणि काठोकाठ ते काठोकाठ मोजलं, तरच गाडीचं खरं ॲव्हरेज कळतं. "शास्त्र हाय पाव्हणं त्याला," दाजी म्हणतात. एकदा मागच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, गाडी बंद पडली. बिचारा धक्का द्यायला आला. दाजींनी त्यालाही हलवायला लावलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ते लातूरला, मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात. दाजींनी सगळी सरकारी नोकरी साहेबाच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर, गुडघ्यांवर फायली घेऊन काढली. रिटायर झाल्याबरोबर त्यांनी एसयूव्ही घेतली, ती पुढं बसायला. शेजारी आक्का. नोकरीत जमलं नाही ते फिरणं आता जोडीनं करायचं, असं ठरलेलं. तसं ते सुरूही झालं. आक्का शेजारी बसून शेंगा सोलायची, दाणे दाजींच्या तळहातावर ठेवायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकची आगाऊ वर्दी द्यायची. दाजी वैतागायचे, पण सुखानं वैतागायचे.

मग लातुरात त्यांना एक गॅरेजवाला भाई भेटला. "साब, थोडी उप्पर उठाके बडे टायर डालो," तो म्हणाला, "फिर देखो. गाडी नई, शेर दिसती."

मागच्या बाकावर हयात घालवलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. स्प्रिंगांपाशी ठोकळे बसले, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आले, आणि गाडी बघता बघता वीतभर वाढली. दाजी त्यातून खाली बघून बोलायला लागले. आणि चौदाचं ॲव्हरेज अकरावर आलं.

हे मला कळलं, कारण पंपावर गाडी हलवायला मीच होतो.

"दाजी, ॲव्हरेज पडलं की."

"पडलं न्हाई. मीटर खोटं बोलायलंय."

"ते कसं?"

"टायर मोठं झालं का? एका चकरात गाडी जास्त पुढं जाते का? पण मीटर अजून जुन्याच टायरच्या हिशेबानं मोजायलंय. म्हंजे गाडी पळाली जास्त, मीटरनं धरलं कमी. आता सांगा, चूक कोणाची?"

माझी पदवी कॉमर्सची. घरी जाऊन मोबाइलमध्ये शोधलं, तर दाजी निम्मे बरोबर निघाले. निम्मा बरोबर असलेला माणूस पुरत्या चुकलेल्या माणसापेक्षा वाईट, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या खेपेला मी तयारीनं गेलो. म्हटलं, मीटरची चूक धरली तरी सगळी तूट भरत नाही. चाक जड, ते प्रत्येक गतिरोधकानंतर नव्यानं फिरवायला इंजिनाला जोर लागतो. रुंद टायर रस्ता धरून ठेवतो. आणि गाडी उंच झाली, की वारा जास्त अडतो.

"वारा काय मला एकट्यालाच लागतो व्हय?" दाजी म्हणाले. वर आणखी एक कारण त्यांनी काढलंच. उंच केल्यापासून गाडी झकास हलते, त्यामुळं टाकीत डिझेल जास्त मावतं! यावर मोबाइलमध्ये काही सापडलं नाही.

वर्षभर आमचं हे भांडण चाललं. आमचं लक्ष टाकीकडं होतं, म्हणून आक्काकडं गेलं नाही. तिचे गुडघे आधीच कुरकुरणारे. नव्या उंचीवर चढायला दाजींनी तिला प्लास्टिकचं स्टूल घेतलं. घरच्या अंगणात ते चालून गेलं.

मग नायगावला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न लागलं, जेवणं झाली, सगळ्यांना जयभीम घालून आम्ही निघालो. मंडपाच्या तोंडाशी गाडी, भोवती पाहुण्यांची गर्दी. स्टूल लातूरलाच राहिलेलं. आक्कानं पाय उचलला, पोचला नाही. पुन्हा उचलला. दाजी आत बसून हात ओढायला लागले, मी खालून आधार द्यायला लागलो. लुगड्यात पाय अडकला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आरं, धक्का मारा, धक्का!" मंडपभर हशा पिकला. लाजेनं मीही थोडा हसलो, असा मी शूर.

आक्का चढली. पदर डोक्यावर ओढून बसली. नांदेड येईपर्यंत एकाही ट्रकची वर्दी तिनं दिली नाही.

त्यानंतर नांदेडला यायचं ठरलं, तेव्हा तिचा फोन आला. "बाबू, मी एसटीनं येतेय."

"आन् दाजी?"

"त्यांचं ते बघतील. त्यांचा हत्ती हाय की दारात."

मी स्टँडवर गेलो. लातूरची एसटी आत वळली, आणि फाटकाबाहेर तिच्या मागोमाग दाजींची गाडी येऊन थांबली. एकटे दाजी. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता हा माणूस एसटीच्या मागं मागं आला होता. एसटी जिथं थांबली तिथं थांबला. ती हलली, की हा हलला.

"कामून आलाव असं?" मी विचारलं.

"एसटीच्या आडोशानं वारा लागत न्हाई," दाजी रस्त्याकडं बघत म्हणाले. "ॲव्हरेज बघायलो होतो."

घरी आल्यावर मी आक्काला म्हटलं, "आगं, एसटीची पायरी काय बुटकी असती व्हय?"

"उंचच असती," ती म्हणाली. "पण तिथं सगळेच धडपडतेत बाबू. कोणाला कोणाकडं बघायला सवड नसती."

दाजी ओसरीत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "पाव्हणं, तुमचंच खरं. परवडत न्हाई. चाक जड पडतंय, वाराबी लई अडतोय. काढून टाकलं सगळं."

वर्षभराचा खटला मी जिंकलो होतो. बायकोला पेढे आणायला सांगावं, इतका आनंद झाला. रविवारी ते आले, तेव्हा टोमणे तयार ठेवूनच मी फाटकाशी उभा राहिलो. गाडी आली. बुटकी, साधी, जावळ काढलेल्या पोरासारखी दिसणारी. पुढच्या सीटवर आक्का, मांडीवर शेंगांची टरफलं.

नेमकी गल्लीतली मंडळी पारावर बसलेली. सगळ्यांच्या माना वळल्या. दाजी लगबगीनं उतरले, गाडीला वळसा घालून आक्काच्या दाराशी गेले. मला वाटलं, हात देतील. हात नाही दिला. दाराकडं पाठ करून, कमरेवर हात ठेवून, पाराकडं तोंड करून ते नुसते उभे राहिले. काय दारभर तब्येत दाजींची! त्यांच्यामागं आक्का कशी उतरली, सरळ उतरली की अडखळत उतरली, ते पारावरच्या कोणाला दिसलं नाही. मलाही नाही.

मागून पदर झटकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं ते बाजूला झाले.

"बघताव काय पाव्हणं?" दाजी माझ्यावर डाफरले. "चौदा देतीय परत. मोजलंय मी."

"हाव दाजी," मी म्हटलं. "ॲव्हरेज लई महत्त्वाचं."